मुलांसाठी मातीचं अंगण: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सोसायटीच्या बैठकीत 'मुलांसाठी ग्रीन प्ले एरिया' मंजूर होतो. पंधरा दिवसांत कंत्राटदार येतो, मऊ लॉनच्या लाद्या अंथरतो, कडेला कुंड्या मांडतो आणि चौथ्या दिवशी पाटी लागते: 'गवतावर चालू नये'. मुलं परत पार्किंगमध्ये. दुसरीकडे एखादी उत्साही बालवाडी थेट ट्रकभर माती ओतून मोकळी होते. जुलैत तिथे डबकं होतं, ऑगस्टमध्ये डास, आणि सप्टेंबरात पालक तक्रार घेऊन येतात की मूल रात्री ढुंगण खाजवतं. मग त्या मातीवर रबरी टाइल्स बसतात आणि विषय संपतो.

दोन्हीकडे हेतू चांगला होता, क्रम चुकला. गेल्या काही वर्षांत अशा पाच-सहा अंगणांच्या कामात मी हात घातला आहे आणि यातल्या बऱ्याचशा चुका स्वतः करून झाल्या आहेत. खालचा हिशेब 20 फूट बाय 15 फूट जागा आणि दोन ते सहा वर्षांची पंधरा-वीस मुलं धरून केला आहे.

कशासाठी करतोय, हे आधी ठरवा

फिनलंडमधल्या लाहती आणि टाम्पेरे या शहरांतल्या दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला, 2020 साली तो प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची 75 मुलं होती. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातल्या जमिनीचा वरचा थर, हिरवळ आणि लावणीचे वाफे आणून बसवले. मुलं रोज साधारण दीड तास तिथे खेळली, मातीत हात घातले, रोपं लावली. 28 दिवसांनी त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढलेली दिसली. रक्तात दाह आवरणारं इंटरल्यूकिन-10 आणि दाह वाढवणारं इंटरल्यूकिन-17ए (दोन्ही प्रतिकारशक्तीचे निरोप नेणारी प्रथिनं) यांचं प्रमाण दाह आवरण्याच्या बाजूला झुकलं होतं.

यावरून 'मातीत खेळलं की दमा बरा होतो' असं व्हॉट्सअॅपवर फिरतं, ते चूक आहे. त्या प्रयोगात आजार मोजलेच नव्हते. रक्तातल्या खुणा मोजल्या होत्या, मुलं थोडी होती आणि काळही कमी होता. आपल्या कामाची गोष्ट त्यात वेगळीच आहे: नुसतं बाहेर बसून तो फरक पडला नव्हता. ज्या पाळणाघरांत काही बदललं नव्हतं, तिथल्या खडीच्या अंगणातली मुलंही रोज बाहेरच खेळत होती.

डोळ्यांचं गणित याहून सोपं आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या बारा शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यात लांबचं धूसर दिसणं, म्हणजे मायोपिया, 30.4 टक्के मुलांना झाला होता, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. इथे मातीपेक्षा उजेड महत्त्वाचा, आणि झाडाच्या सावलीतला उजेडही खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. तिसरी गोष्ट हालचालीची. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात तीन तास हालचाल व्हावी, त्यातला एक तास धावपळीचा असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सपाट लॉनवर मूल दहा मिनिटांत कंटाळतं. चढ, ओंडका, लपायला वेलीचा मांडव असला की तासभर हलत नाही, म्हणजे खरं तर सारखं हलत असतं.

एक फरक मात्र विसरू नका. फिनलंडच्या मातीत आपल्यासारखे जंत नसतात, अंगणात भटकी कुत्री येत नाहीत, मोसमी पाऊसही नसतो. त्यामुळे तिथलं अंगण जसंच्या तसं उचलून चालत नाही. पुढचे निम्मे टप्पे याच फरकापोटी आहेत.

टप्पा 1: जागा खोदून बघा (जानेवारी-फेब्रुवारी)

पहिला प्रश्न: जमिनीखाली काय आहे? तळघर किंवा पोडियमचा स्लॅब असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक पाटीही माती टाकू नका. ओल्या मातीचं वजन घनफुटाला पन्नास किलोच्या आसपास जातं. आपल्या जागेवर नुसता सहा इंचांचा थर म्हणजे 150 घनफूट, म्हणजे साडेसात टन.

खाली खरीच जमीन असेल तर तीन-चार ठिकाणी हातभर खड्डे घ्या. नव्या इमारतींभोवती बहुतेक वेळा राडारोडा निघतो: टाइल्सचे तुकडे, काच, सळईचे बांधायचे तारे, रंगाचे डबे. वरच्या सहा इंचांतला हा सगळा ऐवज काढावाच लागतो, त्यावर माती पसरून झाकणं ही सगळ्यात महाग पडणारी युक्ती आहे. मुलं खणतात. दोन महिन्यांत काच वर येतेच.

खिळे-तारांसाठी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दोरीनं जागेवरून ओढा. एका जागी आम्ही 'झालं साफ' म्हणून हात झटकले होते. चुंबक फिरवल्यावर अर्धा डालडाचा डबा भरला.

रस्त्याला चिकटून, गॅरेजच्या किंवा जनरेटरच्या शेजारी, जुन्या ऑइलपेंटचे पोपडे पडणाऱ्या भिंतीखाली जागा घेऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि लहान मुलं हात तोंडात घालतात.

*तपासा:* एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा पाण्यानं भरा. संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळपर्यंत उरलं असेल तर पुढचा टप्पा अजिबात टाळू नका.

टप्पा 2: निचरा (मार्च)

सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात जास्त वेळा गाळलं जाणारं. जमीन सहा इंच उकरून घ्या, 20 फुटाला अडीच-तीन इंच उतार द्या आणि उताराच्या टोकाला पाणी गटारीकडे जाईल अशी चर काढा. तळाला चार इंच मुरूम पसरून धुम्मसानं ठोका. आपल्या जागेला बरोबर एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट, मुरूम लागतो.

चर उघडी ठेवू नका, जाळी बसवून दगडगोटे भरा. उघडी चर पावसाळ्यात डासांची आणि उन्हाळ्यात पाय मुरगळण्याची सोय होते.

*थांबा:* मुरूम पडल्यावर नळी लावून दहा मिनिटं पाणी सोडा. कुठे साचतंय ते आत्ताच दिसेल. माती पडल्यावर हे दुरुस्त करायला सगळी माती परत उचलावी लागते.

टप्पा 3: माती (एप्रिल-मे)

'लाल माती पाठवा' एवढं फोनवर सांगून ट्रक मागवायचा नाही. माती कुठून काढली ते विचारा. नाल्याकाठची, कचरा डेपोजवळची, पाडकामाच्या जागेवरची नको. दारात ट्रक आला की रिकामा करण्याआधी मूठभर घेऊन वास बघा. चांगल्या मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो. गटाराचा, रॉकेलचा किंवा काहीच वास येत नसेल तर ट्रक परत. मग काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती आणि बाकी पाणी घालून हलवा, रात्रभर ठेवा. वर तेलकट तवंग किंवा प्लॅस्टिकचे कण तरंगले तर तीही नको.

मिश्रण असं: दोन पाट्या लाल माती किंवा पोयटा, एक पाटी पानांचं खत, अर्धी पाटी पूर्ण कुजलेलं गांडूळखत. नुसती काळी माती मुलांच्या अंगणाला वाईट. ओली झाली की चपलेला किलोभर चिकटते, सुकली की भेगा पडतात. तीच हाताशी असेल तर बारीक मुरूम आणि दुप्पट पानखत मिसळा. कोकणातल्या जांभ्याच्या मातीचं उलटं, पाणी टिकत नाही, म्हणून पानखत वाढवा.

पानखत हाच या सगळ्यातला जिवंत भाग आहे. जुन्या आंब्याखाली, वडाखाली वर्षानुवर्षं कुजलेला काळा भुसभुशीत थर असतो, तो दोन-चार पोती मिळवा. राखीव जंगलातून आणू नका, तो गुन्हा आहे. आवारातला पालापाचोळा जाळायचं थांबवून एका कोपऱ्यात रचला तर पुढच्या वर्षी स्वतःचंच पानखत असेल.

आणि शेणखत? इथे माझी चूक सांगते. पहिल्या अंगणात मी 'अस्सल देशी गाईचं' म्हणून ट्रॉलीभर शेणखत घेतलं, ते अर्धकच्चं होतं. आठवड्यात माश्या, महिन्यात पांढऱ्या गुबगुबीत हुमणीच्या अळ्या, आणि लावलेली हरळी मुळापासून खल्लास. मुलांना हुमणी फार आवडली, आयांना नाही. तेव्हापासून नियम एकच: मुलं जिथे खणणार तिथे शेणखत नाही. फळझाडांच्या खड्ड्यात खाली घाला, तेही पूर्ण कुजलेलं. ताज्या शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, हे वेगळंच.

*तपासा:* ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा उग्र वास आला तर ते अजून तयार नाही.

मागवलेली लाल माती एप्रिल-मेच्या उन्हात पातळ पसरून, ओलावून, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चार ते सहा आठवडे तापवा. तणांचं बी आणि बऱ्याच किडी मरतात. पानखत मात्र *त्यानंतर* मिसळा. आधी मिसळलंत तर जे जिवाणू मिळावेत म्हणून खटाटोप चाललाय तेही भाजून निघतील. हा क्रम उलटा करणारे मी खूप पाहिलेत.

माती बसते, म्हणून दीड ब्रासचा हिशेब आला तरी दोन ब्रासची तयारी ठेवा.

टप्पा 4: आधी उपटा, मग लावा (जून-जुलै)

लावणीची यादी सगळे करतात, उपटण्याची कोणी करत नाही. आवारात आणि कुंपणाला आधीच काय आहे ते हातात कागद घेऊन बघा. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, बागेत हमखास असतात आणि दोन्ही हृदयाला घातक विषारी आहेत. बिट्टीची हिरवी फळं मुलांना खेळायला भारी वाटतात. धोतरा, एरंड, रुई, गुंज, घाणेरी, कुंड्यांतला डिफेनबाखिया, चीक असलेले निवडुंग, हे सगळं मुलांच्या हातापासून लांब. कुंपणाचा मोगली एरंड तर पहिल्यांदा काढा. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, एका मुलानं खाल्ली की दहा खातात, आणि मग उलट्या-जुलाब होऊन सगळी दवाखान्यात. गाजरगवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटा, त्यानं अंगावर चट्टे उठतात आणि दमेकरी मुलांना त्रास होतो.

आता लावायचं काय. जमिनीला हरळी, कारण ती तुडवली तरी परत येते. नर्सरीवाले गादीसारखं लॉन दाखवतील, तिकडे पाठ फिरवा. ते बघण्याचं गवत आहे. कडेनं गवती चहा, पानओवा, पुदिना, तुळस, झेंडू: पान चुरगळलं, वास घेतला, चुकून तोंडात गेलं तरी घाबरायला नको. सावलीला कडुनिंब किंवा करंज. पेरूचं झाड चढायला उत्तम, पण त्याला पाच-सहा वर्षं लागतील.

पहिल्याच वर्षी सावली हवी असेल तर बांबूचा बुटका मांडव करून त्यावर दोडका, घोसाळी, वाल सोडा. जूनमध्ये बी टोचलं की गणपतीपर्यंत हिरवी गुहा तयार. माझ्या मते तीन हजारांच्या प्लॅस्टिक घसरगुंडीपेक्षा हा मांडव जास्त चालतो.

शेवगा नको. औषधी वगैरे सगळं खरं, पण पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात आणि फांदी मुलाच्या वजनानं कडकन मोडते.

*थांबा:* हरळी रुजेपर्यंत निम्मी जागा बांबूनं अडवा. एकदम सगळी उघडली तर दसऱ्याला नुसती धूळ उरते. नंतरही दर दोन महिन्यांनी अर्धं-अर्धं आलटून पालटून 'झोपवायचं'. मुलांना हा शब्द लगेच पटतो.

टप्पा 5: वाळू, चिखल, ओंडके

वाळूचा हौद चार बाय सहा फुटांचा, फूटभर खोल पुरे. तळ काँक्रीटचा नको, मुरुमाचाच ठेवा म्हणजे पाणी जिरतं. वाळू जाड, धुतलेली, चाळलेली. बांधकामाची क्रश सँड आणू नका, ती दगड फोडून केलेली धारदार असते आणि तिची बारीक पूड छातीत जाते. रात्री हौद झाकायचाच. मांजराला वाळूचा हौद म्हणजे आयतं शौचालय, आणि मांजर-कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी येतात. ताडपत्रीखाली वाळू कुबट होते, कोरड्या दिवसांत बारीक जाळीची चौकट बरी.

चिखलाची जागा वाळूपासून लांब, नळाजवळ. जुनी पातेली, पळ्या, कढई. स्टील किंवा अॅल्युमिनियम चालेल, फुटकं प्लॅस्टिक नको.

ओंडके जमिनीत निम्मे गाडलेले, हलवून हलता कामा नयेत, उंची मुलाच्या गुडघ्यापर्यंत. भिंतीला टेकवून ढीग रचू नका. त्या फटीत विंचू आणि पावसाळ्यात साप येतो. एकेक ओंडका सुटा आणि उजेडात ठेवलात तर त्याच्याखाली फार तर गोगलगाय निघेल.

टप्पा 6: मुलं आत येण्याआधी

हा टप्पा गाळला की आधीचे पाचही वाया जातात. जंतनाशक: राष्ट्रीय जंतनाशक दिन 10 फेब्रुवारीला असतो, ऑगस्टमध्ये आणखी एक फेरी होते. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिलं जातं, दोन वर्षांखाली अर्धी गोळी, त्यापुढे 400 मिलिग्रॅमची एक. शाळेत दिली असेल असं पालक धरून चालतात आणि घरी दिली असेल असं ताई. वहीत प्रत्येक मुलापुढे तारीख लिहा. लसीकरणाचं कार्ड बघा: धनुर्वाताचं संरक्षण देणाऱ्या त्रिगुणी लसीचा बूस्टर 16 ते 24 महिन्यांत आणि पुढचा वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी असतो. दुसरा बऱ्याच जणांचा राहतो.

दमा किंवा तीव्र इसब असलेली मुलं कोण, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्यांना अंगणातून वगळायचं नाही, पण ओला कुजका पाला उलथायचं काम त्यांना देऊ नका, बुरशीनं खोकला चाळवतो.

पालकांची बैठक घ्या, अंगणातच. सांगायचं एवढंच: जुने कपडे पाठवा, जोडीला एक कोरडा जोड द्या आणि मळलेल्या मुलाला घरी रागावू नका. आज्यांना जरूर बोलवा. 'आम्ही मातीतच वाढलो' असं एक आजी म्हणाली की बाकीच्यांचं निम्मं समाधान होतं.

टप्पा 7: रोजचा वापर

सकाळी मुलं येण्याआधी मावशींनी दाताळं घेऊन एक फेरी मारायची: विष्ठा, काच, मुंग्यांचं वारूळ, साचलेलं पाणी. पाच मिनिटांचं काम आहे. एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार अंगण बंद. जमिनीवर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून बघा, टेकवत नसेल तर मुलांनाही सोडू नका. हीच परीक्षा रबरी टाइलवर किंवा प्लॅस्टिकच्या गवतावर दुपारी करून बघा, वेगळं काही सांगावं लागणार नाही.

रोज किमान तास, आणि हात मातीला लागतील असं काहीतरी काम: पाणी घालणं, झेंडूचं बी पेरणं, गांडुळं मोजणं. जबरदस्ती नको. एका बालवाडीत तीन वर्षांची एक मुलगी पहिले चार दिवस मातीच्या काठावर बूट घालून उभी राहायची. बूट मळतील म्हणून पाऊल टाकेना. पाचव्या दिवशी शेजारच्यानं ओंडका उचलला आणि खाली गांडूळ निघालं. ती वाकली, बसली, मग एक बोट पुढे केलं. बूट कुठे गेले ते आम्हाला अकराला शोधावं लागलं.

अनवाणी खेळू द्यायचं का? रोज फेरी होत असेल, कुत्री आत येत नसतील आणि जंतनाशकाची वही पूर्ण असेल तर हो. यातली एक जरी गोष्ट नसेल तर चपला घाला, कारण अंकुशकृमीची अळी तळपायाच्या कातडीतूनच शिरते.

आत जाताना साबण. सॅनिटायझर नव्हे: मळक्या हातावर तो चालत नाही आणि जंतांच्या अंड्यांना त्यानं काही होत नाही. डबा खाण्याआधी आणि शौचाहून आल्यावर वीस सेकंद साबण, दर शनिवारी नखं. बाकी वेळी, खेळता खेळता, सारखे हात धुवायला लावू नका. तासाभरात चार वेळा हात धुणाऱ्या मुलाला मातीचा स्पर्श होतच नाही, आणि मग लॉन होतं तेच बरं होतं.

टप्पा 8: पावसाळा आणि वर्षाची देखभाल

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा: कुंड्यांखालच्या ताटल्या, पातेली, टायर, ताडपत्रीच्या खळग्या, सगळं उपडं. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलवाल्याला लेखी कळवा की या जागेत फवारणी नाही. तोंडी सांगितलेलं तो विसरतो, किंवा त्याच्या जागी दुसराच माणूस येतो.

गवत पावसाळ्यात पंधरा दिवसांनी कापा, घोट्याच्या वर जाऊ देऊ नका. श्रावणात वाढलेल्या गवतात काय बसलंय ते दिसत नाही. सापाचा संशय आला तर मुलं आत घ्या आणि सर्पमित्राला फोन करा. त्याचा नंबर आणि 108 दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेला असू द्या.

मे महिन्यात मातीची पातळी मोजा. वर्षभरात ती एक-दीड इंच खाली गेलेली असते. काही बसते, काही पावसानं जाते, काही मुलांच्या खिशांतून घरोघरी पोचते. तीस-चाळीस घनफूट माती आणि दोन पोती पानखत मागवा, माती तापवा, मग पानखत मिसळा.